तीन महिने कुणाला सांगू नका, पण फॉलिकची गोळी चालू करा

आमच्याकडं बीड-परभणी पट्ट्यात दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागती म्हणून. गल्लीला, पाहुण्यारावळ्यांना नका सांगू, माझं काही म्हणणं नाही. पण होतं काय, सासूबाई सांगू नको म्हणल्या की सून आशाताईला पण सांगत नाही, उपकेंद्रात नाव घालत नाही, आणि चौथ्या महिन्यात कार्ड निघतं तोवर फॉलिक ॲसिडचं (हे एक जीवनसत्त्व आहे) जे सगळ्यात महत्त्वाचं काम असतं त्याची वेळ निघून गेलेली असती. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून तयार होतो ती नीट मिटायला फॉलिक लागतं, आणि ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होती. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींनी तर टेस्ट पण केलेली नसती, आणि तिकडं पाठीचा कणा नीट मिटला का नाही हे ठरून पण गेलेलं असतं.

म्हणून ही गोळी दिवस जायच्या आधीपासून पाहिजे. पाळणा लांबवायचा नाही असं नवरा-बायकोचं ठरलं की निदान महिनाभर आधी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज एक, आणि ते पुढं १२ आठवडे होईपर्यंत. लई स्वस्त गोळी आहे. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, शुगर असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच सांगणार, मनानं घ्यायचा नाही. लग्नाच्या याद्या करताना साड्या-भांड्यांचं एवढं बघतो आपण, पोरीला हे एक सांगायला काऊन लाजायचं?

या व्हिटॅमिनची गोष्ट पण आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, कापड गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना फार रक्तक्षय व्हायचा त्याचं कारण शोधायला. त्यांनी यीस्टचा अर्क देऊन बघितला आणि बायकांचं रक्त सुधारलं, ते त्यांनी १९३१ ला छापलं. त्यात नेमकं काय होतं ते नंतर कळलं, १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं तेव्हा. गरिबाघरच्या आपल्याच बायकांच्या रक्तावरून जगाला ही गोष्ट कळली, आणि आपल्याच पोरींपर्यंत ती उशिरा पोचती याचं मला खरंच वाईट वाटतं.

चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी चालू होती. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस रोज एक, फुकट मिळती. मिळती सगळ्यांना, पण पोटात किती जाती? माझ्या चुलत जावेची सून आता सातव्यात आहे, हिमोग्लोबिन साडेआठ. तिच्या फडताळात स्टीलच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्याच्या पट्ट्या, काही तर फोडलेल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाली, "मावशी, आत्याबाई म्हणल्या गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं." आणि ज्या खाल्ल्या त्या सकाळच्या चहासोबत! चहानं लोह अंगी लागतच नाही म्हणलं तरी चालेल, इतकं कमी शोषलं जातं. जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाणी नाहीतर आवळा-पेरूसोबत घ्यायची, चहा तासभर तरी लांब ठेवायचा. कॅल्शियमची गोळी पण सोबत नको, ती दिवसातून दोनदा जेवताना घ्यायची. शी काळी होती, पोट साफ होत नाही, मळमळतं, हे होतं, घाबरायचं नाही, रात्री झोपताना घेतली तर मळमळ कमी जाणवती. बाळ मोठं होऊन सिझर वगैरे काही होत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच, आणि ७ च्या खाली गेलं तर गोळीवर बसून राहायचं नाही, लगेच मोठा दवाखाना गाठायचा.

आणि ते बीट-डाळिंबाचं. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं असं नाही, दोन्हीत लोह फार कमी. पैसे घालायचेच तर आपल्या जालन्याच्या मोसंबीला घाला, क जीवनसत्त्व भरपूर, फॉलिक पण असतं. बाकी आपल्या रानात काय कमी आहे, तांदुळजा, चवळी, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला. फक्त भाजी उकडून पाणी पिळून फेकू नका, फॉलिक त्या पाण्यातच जातं. अंबाडीचं समजू शकते, आंबट असती, पण तांदुळज्याला कशाला? लोखंडी तव्यावर परता, वरून लिंबू पिळा. तरी गरोदरपणात एकूण साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, ते नुसत्या भाजी-भाकरीतून भरून निघत नाही, गोळी लागतीच.

माळकरी घरांसाठी एक वेगळं. रक्त तयार व्हायला बी १२ जीवनसत्त्व पण लागतं, आणि अंडी-मटण नाही म्हणजे ते फक्त दूध-दह्यातून येणार, आणि दूध तर सगळं डेअरीला जातं, सुनेच्या वाट्याला कोरा चहा. लाल गोळ्या नियमानं खाऊनही रक्त वाढत नसेल तर बी १२ तपासून घ्या, त्याच्या गोळ्या-इंजेक्शनं असतात, माळ काढायची काही गरज नाही. आणि सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध-दही घरातच ठेवा, तिच्यासाठी. आणि हो, जास्त ताकद यावी म्हणून मेडिकलमधून दोन-तीन टॉनिकं एकदम चालू करू नका, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या जास्त झाल्या तर बाळाला अपाय होतो.

सगळ्यात जास्त काळजी मला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची वाटती. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पोटुशी बाई पण जाती, कारण उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर घेतलेली असती. पहाटे कोपीतून (पाचटाच्या झोपडीतून) उसाच्या फडात, डोक्यावर मोळी, आणि गावच्या अंगणवाडीच्या यादीत नाव तसंच पडून राहतं. तुमच्या वस्तीतली कुणी अशी निघणार असेल तर निघायच्या आधी आशाताईला गाठून तिच्यासाठी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत पुरतील एवढ्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मागून घ्या, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घाला, आणि तिच्या नवऱ्यासमोर सांगा की दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असती, कारखान्याच्या गावात पण असती, त्या दिवशी मुकादमाकडून सुट्टी मागून तिला घेऊन जायचं.