लाल टोपी, केशरी टोपी

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका वृद्धाश्रमात मी सिस्टर आहे, सोळा आज्या-आजोबा, दिवसाला मी एकटी आणि दोन मावश्या. ही गोष्ट गणपतीनंतरची. आमच्या एका आजीना मुलगा पाच दिवस घरी घेऊन गेला होता, गौरी-गणपती झाले आणि सकाळी सोडून तो लगेच डोंबिवलीला निघाला, चाकरमान्यांचं काय, रजा संपलेली असते. जाताना बॅग हातात दिली, म्हणाला सिस्टर, इन्सुलिन नवीन आणलंय, आणि खाजा पण आहे तुमच्या सगळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं सोळा युनिट इन्सुलिन दिलं. नाश्ता झाला. दहाच्या सुमाराला आजी गप्प. मावशी म्हणाली झील गेलो ना, म्हणान वायट वाटता. मला पण तेच वाटलं, खरं सांगते, मी जवळ बसले आणि म्हणलं दिवाळीत येईल हो परत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गो, होडी लागली काय?" त्यांच्या घरात कोणाची होडीच नव्हती. हात धरला तर थंडगार आणि ओला, ब्लाउज पाठीला चिकटलेला. बाहेर पाऊस, हवेत गारवा, मग घाम कसला?

ग्लुकोमीटर लावला, साखर ४१. सत्तरच्या खाली गेली की आम्ही धावतो, ही तर ४१! मावशी साखरपाणी घेऊन आली, मी ग्लास अडवला, आजीची मान लटकत होती, अशा वेळी तोंडात ओतलं तर फुफ्फुसात जायचं. कुशीवर वळवलं, हिरड्यांना थोडा ग्लुकोज चोळला, १०८ ला फोन केला. गाडी यायला वेळ लागला, किती ते नका विचारू. रुग्णालयात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेल्यावर आजीनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर चप्पल खंय.

डॉक्टर म्हणाले रात्रभर ठेवा, साखर परत पडू शकते. आणि बाटली मागितली. मी मोबाईलवर फोटो मागवला. लेबलवर बारीक अक्षरात १०० आययू प्रति मिली, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. आमच्याकडे कायम ४० ची यायची, सिरिंज पण ४० ची, लाल टोपीवाली. त्या सिरिंजने सोळाच्या रेघेपर्यंत ओढलं की ०.४ मिली येतं, म्हणजे १०० च्या बाटलीतून थेट ४० युनिट, अडीच पट. नाव तेच, इन्सुलिनचा प्रकार तोच, बाटलीही तेवढीच, मी फक्त नाव वाचलं. चूक माझीच, मावशीची नाही की मुलाची नाही, आणि एका सिस्टरवर सोळा माणसं ठेवणाऱ्यांची थोडी तरी आहेच, ते पण बोलून टाकते.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पण सिस्टर, सिरिंज दिली होती ना सोबत?"

संध्याकाळी आजीचं लुगडं न्यायला म्हणून परत आले आणि बॅग पूर्ण रिकामी केली. तळाला, लुगड्यांच्या खाली, १०० च्या बाटलीसाठीच्या, केशरी टोपीच्या सिरिंजचं पाकीट होतं, तसंच बंद. खाजा मात्र आदल्या दिवशीच दुपारच्या चहाला संपला होता.