संच बंद करण्याचा हिशेब

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या संध्याकाळी उचलताना आई आधी त्यांवरची राख झटकून घेत असे. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत ते रोजचेच होते. बाबा ज्या वीजनिर्मिती संचांवर काम करीत, ते १९७४ पासून एकेक करून सुरू झालेले पहिले चारही जुने संच आता बंद झाले आहेत आणि तिथे ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे आहेत. तरीही जुन्या संचांचा विषय निघाला की वसाहतीतली माणसे म्हणतात, "भांडवल कधीच फिटले, मग वीज स्वस्तच पडणार ना!"

हे अर्धेच खरे आहे. औष्णिक संचाचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरतात आणि भांडवलाच्या ९० टक्क्यांपर्यंतचा घसारा दरातून वसूल होतो, त्यामुळे पुढे स्थिर खर्च, म्हणजे संच चालो न चालो होणारा खर्च, नक्कीच हलका होतो. पण कोणता संच आधी चालवायचा, हे मेरिट ऑर्डरमध्ये, म्हणजे स्वस्त संच आधी घेणाऱ्या क्रमयादीत, केवळ इंधनाच्या खर्चावर ठरते. समजा, २१० मेगावॉटच्या जुन्या संचाला एका युनिटमागे २,६०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि नव्याला २,२५० पुरते; किलोला ३,५०० किलोकॅलरी देणारा कोळसा घेतला, तर जुना संच प्रत्येक युनिटमागे १०० ग्रॅम जास्त जाळतो. ६० टक्के भारांकाने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या ६० टक्के चालून, तो वर्षाला सुमारे ११० कोटी युनिट देईल, म्हणजे जादा कोळसा १ लाख १० हजार टन. किलोला ४ रुपये धरले, तरी ४४ कोटी रुपये दरवर्षी धुराड्यातून जातात. शिवाय यादीत मागे पडलेला संच वारंवार बंद-चालू होतो, त्यात तेल जळते, बॉयलरच्या नळ्या गळू लागतात. आणि तो चालला नाही, तरी उपलब्ध ठेवल्याबद्दल स्थिर खर्च ग्राहक भरतोच.

एवढे असूनही बंद करण्याचा निर्णय लांबतो, कारण बंद करण्यालाही पैसा लागतो आणि तो कुणी बाजूला ठेवलेला नसतो. भंगाराच्या लिलावातून काही रक्कम येते, परंतु राखेचा बंधारा लिलावात जात नाही. त्यावर माती घालून, झाडे लावून तो वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. कायम कर्मचाऱ्यांची बदली होते. बाबांच्या पाळीत राख विभागात कंत्राटावर असलेले एक काका मात्र गेटपास जमा करून आमच्याकडे आले, चहा न घेता बसून राहिले आणि पुढे नागपूरच्या महाल भागात एका दुकानाचे रखवालदार झाले. त्यांच्या नावाचा रकाना कोणत्याच ताळेबंदात नव्हता.

अणुवीज केंद्रांच्या दरात केंद्र मोडीत काढण्यासाठी युनिटमागे २ पैसे घेतले जातात. कोळशाच्या विजेवर असा आकार नाही. वरच्या संचाने तेवढेच बाजूला टाकले असते, तर व्याज सोडूनही २५ वर्षांत ५५ कोटी रुपये साठले असते. जे संच आज चालू आहेत, त्यांच्यासाठी वीज नियामक आयोगाने ही तरतूद आताच करावी. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला, सगळी वीज कोळशाची धरली तरी, त्याचे ४ रुपये पडतील, आणि ते मी बिलात आनंदाने भरीन.