डोक्यातला तो आवाज आणि माझी वही

सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलले की त्या रात्री माझ्या झोपेचं खोबरं ठरलेलं. मागे पाण्याची टाकी साफ करायचा विषय मी काढला, सगळ्यांना पटला, सेक्रेटरींनी लिहूनही घेतला, आणि रात्री भांडी घासताना डोक्यात सुरू, कशाला मध्ये तोंड घातलंस, आवाज किती थरथरत होता, तुला धड चार शब्द बोलता येत नाहीत.

पॉझिटिव्ह विचार कर असं सगळे सांगतात, पण मला ते कधीच जमलं नाही, कारण 'मी छान बोलते' म्हटलं की तो आवाज दुप्पट जोरात उलटून येतो. मला खरी उपयोगी पडली ती कौन्सेलर मॅडमनी सुरू करायला लावलेली वही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी थेरपी मांडली त्यातलीच ही पद्धत, पानावर तीन रकाने: काय घडलं, त्यावर मी मनात काय म्हटलं, आणि मग काय वाटलं. पहिल्यात 'मीटिंगमध्ये बोलले', तिसऱ्यात 'लाज, छातीत धडधड', आणि मधल्यात बराच वेळ पेन अडल्यावर आलं, 'सगळ्यांनी मला हुशार समजलंच पाहिजे, नाहीतर मी बेकार.' कागदावर दिसल्यावर विचारता येतं ना, की असं कोणी ठरवलं? टाकी तर त्याच रविवारी साफ झाली.

खाली उत्तर लिहिताना मी स्वतःला नावाने हाक मारते, मैत्रिणीला सांगावं तसं, 'अगं, आवाज थरथरला तरी मुद्दा पूर्ण केलास की.' मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात स्वतःशी 'मी' ऐवजी नावाने बोलणाऱ्यांना लोकांसमोर बोलायचं टेन्शन जास्त चांगलं हाताळता आलं आणि नंतर तेच ते उगाळणंही कमी झालं.

काहीजण म्हणतात हा आवाज आहे म्हणून तर आपण सुधारतो. मला अजिबात पटत नाही. असं झापून घेतल्यावर मी पुढच्या मीटिंगला गप्प बसायचे, यात सुधारणा कुठली आली?

आवाज अजून येतो, फक्त आता रात्रभर चालत नाही. पण तुमचा आवाज 'तू नसलेलीच बरी' असलं काही म्हणत असेल तर वहीवर थांबू नका प्लीज, त्याच दिवशी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.