भीमगडच्या रानात: न दिसणाऱ्या प्राण्यांची मोजणी

जांबोटी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं रान जवळ येऊ लागतं. कणकुंबीला पोचेपर्यंत नजर आत जेमतेम पंधरा-वीस पावलं शिरते. मलप्रभेचा उगम इथलाच, आणि म्हादई इथल्याच डोंगरांतून गोव्याकडे उतरते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यातलं सुमारे 190 चौरस किलोमीटर जंगल 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, कोळसुंदा (रानकुत्रा), शेकरू, खवले मांजर हे सगळे इथे आहेत, वाघाचंही येणं-जाणं आहे. तरी इथे काम करणारा प्राणिशास्त्रज्ञ बहुतेक वेळ जमिनीकडे बघत चालतो. माझ्या मते त्याच्या वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना प्राण्याच्या नावाचा नसतो. किती किलोमीटर चाललो आणि किती रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे चालू होते, हा रकाना मोलाचा. त्याशिवाय ‘दिसला नाही’ या शब्दांना काहीच किंमत उरत नाही.

समजा, एक किलोमीटर चालताना अस्वलाची खूण सापडण्याची शक्यता 0.3 आहे. मग अस्वल त्या भागात असूनही पाच किलोमीटरांत एकही खूण न मिळण्याची शक्यता 0.7 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 17 टक्के निघते. एकच किलोमीटर चालून ‘इथे अस्वल नाही’ असं लिहिलं तर ही चूक 70 टक्क्यांवर जाते. म्हणून नकाशावर चौकोन आखून प्रत्येक चौकोनात पुन्हा पुन्हा चालायचं आणि रिकाम्या किलोमीटरचीही नोंद करायची.

आधी कागदपत्रं. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 ची परवानगी लागते. प्राणी पकडायचा असेल तर कलम 12 चीही, आणि तो अनुसूची 1 मधला (कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला) असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती. अर्ज हंगामाच्या बराच आधी करावा, कारण जूनमध्ये ओढे भरले की तळेवाडी-देगावकडच्या वाटा तुटतात आणि वर्ष हातचं जातं.

हेम्मडग्याकडच्या पायवाटांवर खुणा भरपूर मिळतात, पण त्या वाचताना घाई नको. कोळसुंदे वाटांच्या चौकात कळपाने एकाच जागी विष्ठा टाकतात. बिबट्याची विष्ठा सहसा एकटी, गाठी-गाठींची आणि टोकाला निमुळती असते. अस्वलाच्या विष्ठेत वाळवीचे अवशेष, नाहीतर फळांच्या बियांचा ढीग. उदमांजर आपली विष्ठा उघड्या दगडावर किंवा आडव्या पडलेल्या खोडावर ठेवतं आणि तीत भेरली माडाच्या बिया अख्ख्या मिळतात. सगळ्यात जास्त गफलत गव्याची होते. गावाभोवती म्हशी आणि गुरं चरतात, त्यांचं शेण आणि खूर गव्याशी इतके मिळतेजुळते असतात की अनुभवी माणूसही फसतो. गुरं पोचतात त्या भागातली अशी खूण मी ‘संशयित’ म्हणूनच लिहावी या मताचा आहे. कुणाची गुरं कुठवर जातात हे गवळीवाड्यावरच्या मामांना विचारावं. त्यांना ते रोजचं माहीत असतं.

डीएनएसाठी विष्ठेचा बाहेरचा थर घ्यायचा, कारण आतड्याच्या पेशी तिथे चिकटलेल्या असतात. नमुना शुद्ध इथेनॉलमध्ये किंवा सिलिका जेलवर ठेवायचा. उन्हात पडून पांढरी झालेली विष्ठा डीएनएच्या कामाची नाही, पण भक्ष्य ओळखायला चालते. ती धुवून, वाळवून निदान 20 केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. केसाच्या गाभ्याची नक्षी सांबर, भेकर आणि गुरं यांच्यात वेगळी असते.

कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने लागतात. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके डाव्या-उजव्या कुशीवर सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर एका जनावराची दोन होतात. उंची जमिनीपासून 35 ते 45 सेंटीमीटर, वाटेच्या मध्यापासून अंतर तीन-चार मीटर. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढराफटक करतो. तोंड उगवती-मावळतीकडे नको. सेन्सर जनावर आणि त्यामागची जमीन यांच्या तापमानातला फरक टिपतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी, कातळ तापून अंगाइतका झाला की समोरून गेलेलं जनावरही निसटतं, आणि हलणाऱ्या गवताचे शेकडो फोटो निघतात. समोरचं गवत कापा. तारीख-वेळ तपासा, कार्ड घाला, मग स्वतः रांगत समोरून जाऊन बघा. दांडेलीकडून हत्ती येतात त्या वाटेवर कॅमेऱ्याची लोखंडी पेटीही पिळवटते.

सरळ रेषेत चालून मोजायची पद्धत उघड्या पानझडी रानात छान चालते. पहाटे, तासाला दीडेक किलोमीटर वेगाने. जनावर पहिल्यांदा जिथे दिसलं तिथलं अंतर आणि कोन घ्यायचा: 40 मीटरवर, रेषेपासून 30 अंशांत, म्हणजे रेषेपासून सरळ अंतर 20 मीटर. गणित भरवशाचं व्हायला 60 ते 80 नोंदी लागतात. कणकुंबीच्या दाट सदाहरित रानात तेवढ्या जमणं फार कठीण, म्हणून तिथे खुणा आणि कॅमेरेच बरे.

या भागाचं खरं वैभव मात्र तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत आहे: रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ (Otomops wroughtoni). बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं, त्यात ते सापडलं. ओल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांचं नाव त्याला दिलं. मोठे, पुढे झुकलेले कान, गडद तपकिरी अंग, मानेवर फिकट पट्टा, शेपटीचं टोक पडद्याबाहेर मोकळं. जवळजवळ नव्वद वर्षं जगात त्याची ही एकच जागा माहीत होती, नंतर मेघालय आणि कंबोडियात ते मिळालं. अनुसूची 1 मध्ये मोजक्याच वटवाघळांना जागा मिळाली, त्यांतलं हे एक.

त्याच्यासाठी गुहेत शिरू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. पिलं लहान असताना घाबरलेल्या माद्या उडतात आणि पिलं खाली पडून मरतात. संध्याकाळी गुहेच्या तोंडापासून दूर ध्वनिमुद्रक ठेवला तरी पुष्कळ कळतं. याची हाक बहुतेक वटवाघळांपेक्षा खालच्या पट्टीत, 20 किलोहर्ट्झच्याही खाली उतरते. पण नालनाकी वटवाघळं 80 किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर बोलतात, म्हणून ध्वनिमुद्रण सेकंदाला 384 हजार नमुन्यांनी करावं. त्यात 192 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. जमिनीलगतच्या जाळ्यांत हे उंच उडणारं वटवाघूळ क्वचितच सापडतं, त्यामुळे ‘जाळ्यात नाही’ म्हणजे ‘रानात नाही’ असं धरू नये. परवानगी घेऊन आत जाणाऱ्याला एन-95 मास्क हवा, कारण विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते. हाताळणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी.

तीच वही घेऊन ईशान्येला गोकाक-अथणीच्या माळावर गेलं की सगळं उलटतं. पाऊस थोडा, नजर दूरवर पोचते, आणि लांडग्याची माहिती धनगरांकडे असते. तिथे प्रश्न ‘लांडगा आहे का?’ असा विचारू नये. ‘गेल्या दिवाळीपासून बकरं कधी गेलं, कुठे, दिवसा की रात्री?’ असं विचारावं, आणि काहीच गेलं नाही म्हणणाऱ्याचंही उत्तर लिहून घ्यावं.