मधल्या रांगेतून पाहिलेली नवी ओडिसी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून डेट्रॉइटला जायचं म्हणजे आय-९४ महामार्ग धरायचा आणि मिशिगन सरोवराला खालून वळसा घालायचा. गॅरीचे पोलाद कारखाने मागे पडले, इंडियाना संपलं की जानेवारीत हमखास बर्फ भेटतो. सरोवरावरून येणारा वारा वाटेत पाणी उचलतो आणि बेंटन हार्बर, सेंट जोसेफच्या पट्ट्यात बर्फ करून ओततो. शिकागोत लख्ख ऊन असलं तरी इथे पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत असतात. कॅलामझू आलं की आभाळ पुन्हा मोकळं. २०१७ च्या जानेवारीतल्या त्या शनिवारी आम्ही भल्या पहाटेच निघालो, कारण मिशिगनचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आणि संध्याकाळी डेट्रॉइटजवळ कँटनला मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, त्यामुळे मधला रविवार हाताशी होता. तो डेट्रॉइटच्या ऑटो शोसाठी ठेवायचा हे आधीच ठरलं होतं. शिकागोतही फेब्रुवारीत मोठा ऑटो शो भरतो, तोवर थांबता आलं असतं. पण होंडाची तीन रांगांची मिनीव्हॅन ओडिसी, तिच्या २०१८ च्या नव्या मॉडेलवरचा पडदा डेट्रॉइटच्याच कोबो सेंटर या प्रदर्शन केंद्रात (आताचं हंटिंग्टन प्लेस) ९ जानेवारीला उघडला होता आणि १४ तारखेपासून शो सर्वांना खुला झाला होता. आमच्या दारात तेव्हा २००८ ची ओडिसी होती. ती बदलायची वेळ आली होती. मग इतक्या जवळ येऊन न बघता परत कसं जायचं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत या गाडीचं स्थान काय, हे देवळाच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की कळतं. ओडिसी, टोयोटाची सिएना, ओडिसी, सिएना अशी रांगच लागलेली असते. दोन मुलं, त्यांच्या सीटा, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, आणि महिन्याच्या किराण्यातली तांदळाची पोती. हे सगळं एका गाडीत बसवायचं तर दुसरा पर्याय फारसा नाही. तरीही नवीन गाडी घ्यायची म्हटलं की पुष्कळ जण मोठ्या एसयूव्हीकडे वळतात, मिनीव्हॅन म्हणजे वय झाल्याची खूण असं समजून. मला ते कधीच पटलं नाही. घरातल्या सगळ्यांना न अवघडता नेणारी गाडी चालवण्यात कमीपणा कसला?

रविवारी सकाळी कँटनहून जवळचा रस्ता सोडून आम्ही मुद्दाम आय-९४ नेच गेलो, मुलांना युनिरॉयलचं टायर दाखवायला. ॲलन पार्कजवळ महामार्गाच्या कडेला ८० फूट उंचीचं टायर उभं आहे. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात तो पाळणा होता, लोक त्यात बसून फिरायचे. नंतर तो इथे आणून उभा केला. थोरल्याने खिडकीला नाक लावून मान वळेपर्यंत बघितलं. पुढे शहरात जेफरसन ॲव्हेन्यूवर मुष्टियोद्धा जो लुईची ती ब्राँझची प्रचंड मूठ दिसते. तिथून कोबो सेंटर हाकेच्या अंतरावर.

कोबो सेंटर अगदी नदीकाठी आहे. पलीकडच्या काठावर कॅनडातलं विंडसर दिसतं, आणि गंमत म्हणजे इथे कॅनडा दक्षिणेला आहे! मला त्या पलीकडच्या काठाचं अप्रूप फार होतं. आज आपण जिला मिनीव्हॅन म्हणतो ती अमेरिकन गाडी १९८३ च्या शेवटी त्या विंडसरच्या कारखान्यातून बाहेर पडली: डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर. हॅल स्परलिक आणि ली आयाकोका यांनी ही कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती. तिथे ती मान्य झाली नाही, पुढे दोघांचीही फोर्डमधली नोकरी गेली आणि दोघं क्रायस्लरमध्ये आले. ही गाडी आकाराला येत होती तेव्हा क्रायस्लर सरकारी कर्जहमीवर तगून होती. पुढच्या चाकांना ताकद देणारी रचना वापरल्यामुळे गाडीचा तळ खाली आणि सपाट ठेवता आला, बाहेरून गाडी घरच्या गॅरेजमध्ये मावेल एवढीच राहिली आणि आत माणसांना जागा मिळाली. त्या गाडीने कंपनीला हात दिला. मिनीव्हॅनची नवी पिढी बघायची तर ती या नदीकाठीच बघावी, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

होंडाच्या मंडपात एक ओडिसी फिरत्या चौथऱ्यावर होती, तिला नुसतं बघायचं. दुसरी जमिनीवर, दारं उघडी, आणि भोवती पोराबाळांची रांग. बाहेरून बघताना डोळ्यांत भरली ती मागच्या दाराची पट्टी, म्हणजे दार ज्या खाचेत सरकतं ती. आजवर ती गाडीच्या अंगावर ओरखड्यासारखी दिसायची, आता मागच्या काचेच्या खालच्या कडेत लपवली आहे. खिडकीखालची ती मोडलेली रेघ मात्र कायम आहे. मला ती आधीही आवडली नव्हती, आताही नाही.

खरं काम आत झालंय, आणि तेही मधल्या रांगेत. दुसऱ्या रांगेतली मधली सीट काढून ठेवली की कडेच्या दोन्ही सीटा आडव्या सरकतात, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. दोन्ही एकमेकींना चिकटवता येतात, दोन्ही एकाच दाराकडे ढकलता येतात, किंवा मधोमध वाट ठेवून लांब करता येतात. होंडाने याला मॅजिक स्लाइड नाव दिलंय. आमच्या जुन्या गाडीत तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या रांगेतली सीट पुढे दुमडावी लागायची. तिच्यावर धाकटीची कार सीट पट्ट्यांनी आवळलेली असली की ती दुमडायची नाही. मग सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेली आई दोन सीटांच्या फटीतून, पदर सावरत, एका गुडघ्यावर भार देऊन आत सरपटायची. मला ते बघवायचं नाही.

मंडपातल्या मुलीला मी हेच विचारलं. तिने दुसऱ्या रांगेतली दाराजवळची सीट धरली, खटका दाबला आणि ती आत सरकवली. दाराशी ऐसपैस वाट झाली. सीट दुमडली नव्हती, उभीच होती, म्हणजे तिच्यावर लहान मुलाची सीट बांधलेली असती तरी चाललं असतं. आईने दाराच्या खांबावरची मूठ धरली, एक पाऊल वर, दुसरं आत, वळली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. पदर कुठे अडकला नाही. मागची काच खाली येतेय का बघितलं, पाय लांब करून बघितले, आणि म्हणाली, "अगं, इथं पाय ठेवायला जागा आहे की! मागं बसूनही बाहेरचं दिसतंय." सांगलीहून दिवाळीनंतर आली तेव्हापासून ती गाडीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिला काय सोसावं लागत होतं ते त्या एका वाक्यात आलं.

पुढच्या सीटवर नवरा आठ इंची पडद्याशी रमला होता. छतात कॅमेरा आहे, त्यातून मागच्या दोन्ही रांगा पुढे पडद्यावर दिसतात. इन्फ्रारेड असल्यामुळे रात्रीच्या अंधारातही दिसतं म्हणे, मंडपाच्या झगमगाटात ते पडताळता आलं नाही. जोडीला मागच्या स्पीकरमधून आणि मुलांच्या हेडफोनमधून बोलायची सोय. हायवेवर मान मागे वळवून "भांडू नका रे" ओरडणं किती धोक्याचं असतं हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, त्यामुळे ही सोय मला चैनीची वाटत नाही. मात्र ती वरच्या मॉडेलांतच मिळणार होती, ते खटकलं.

इंजिन ३.५ लिटरचं व्ही-६, २८० अश्वशक्तीचं, आधीच्या २४८ वरून वाढलेलं. गिअर तेव्हा नऊ होते, आणि सर्वांत वरच्या दोन मॉडेलांत दहा. गिअरचा दांडा गेला, त्याजागी बटणं आली. चालवायला मिळणार नव्हतीच, तेव्हा याबद्दल इतकंच.

बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांच्या दृष्टीने एक उणीव मोठी आहे. चारही चाकांना ताकद देणारी ओडिसी याही पिढीत नाही. ते हवं असेल तर मिनीव्हॅनमध्ये तेव्हा फक्त सिएना होती. बेंटन हार्बरचा पट्टा आदल्याच दिवशी ओलांडून आलेल्या मला हे जाणवलं. चांगले स्नो टायर घातले की पुढच्या चाकांवर चालणारी गाडीही नीट निभावते, आमची निभावत आली होती, पण ज्यांचं घर चढावर आहे त्यांनी हे आधी बघावं.

क्रायस्लरच्या मंडपात त्यांची मिनीव्हॅन पॅसिफिकाही पाहिली. तिथे दुसऱ्या रांगेच्या सीटा थेट तळात गडप होतात. सोफा आणायचा, सामान हलवायचं, तर याला तोड नाही. ओडिसीच्या त्याच सीटा उचलून काढायच्या तर दोन माणसं लागतील. शिवाय पॅसिफिकाची प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज करून विजेवर आणि एरवी पेट्रोलवर चालणारी गाडी होती, एका चार्जवर ३३ मैल विजेवर जाणारी, म्हणजे आमचं शाळा, ऑफिस आणि किराणा पेट्रोलला हात न लावता उरकलं असतं. पण बॅटरी बसवली होती ती नेमकी सीटा गडप व्हायच्या जागेत, म्हणून हायब्रिडमध्ये ती सोय नव्हती. गूगलमधून निघालेल्या वेमोने आपल्या विनाचालक प्रयोगांसाठी तेव्हा हीच पॅसिफिका घेतली होती आणि तीही या शोमध्ये होती, छतावर भलंमोठं टोपडं घालून. फोक्सवॅगनची विजेवरची आय. डी. बझ बघायला तर मुलांनी धक्काबुक्की केली. जुन्या मायक्रोबसचा चेहरा घेतलेली, पण तेव्हा नुसता नमुनाच, विकायला नव्हती.

संध्याकाळी कँटनला परतल्यावर तिळगुळाचा डबा मध्ये ठेवून या सगळ्यावर भरपूर वाद झाला. मैत्रिणीच्या नवऱ्याचं म्हणणं, मधली सीट काढली तरच बाकीच्या सरकतात, मग आठ माणसांची गाडी सातांची झाली. बरोबर आहे. त्या जुलैत ग्रँड रॅपिड्सला बीएमएमचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन होतं, तिथे आठ जण भरून जायचं तर मधली सीट बसवावीच लागली असती आणि ती आडवी सरक विसरावी लागली असती. काढलेली सीट गॅरेजमध्ये झाकून ठेवायची जागाही हवी. पण वर्षातले किती दिवस आपण आठ जण असतो? रोज असतात ती पाचच माणसं, आणि त्यांतल्या एकीचे गुडघे दुखतात.

किंमत होंडाने तेव्हा जाहीर केली नव्हती, गाडी २०१७ च्या वसंतात शोरूममध्ये येणार होती. सरकणाऱ्या सीटा सर्वांत खालच्या एलएक्स मॉडेलमध्ये नव्हत्या, म्हणजे आम्हाला निदान त्यावरची ईएक्स बघावी लागणार होती. परत येताना नवऱ्याशी बोलून ठरवलं की तोवर जुनीचे ब्रेक बदलून घ्यायचे. आई एप्रिलमध्ये सांगलीला परत जाणार होती. तिने पुढच्या वर्षीचं यायचं तेव्हाच कबूल केलं, आणि नवीन गाडी आली की तिसऱ्या रांगेतली खिडकीची जागा आपली, हेही नातवाला सांगून ठेवलं.