मेहेंदळे पडले तिथं आम्ही थांबलो होतो

पुस्तक वाचनालयाच्या काउंटरच्या मागच्या रॅकवर मला दिसत होतं. खाकी कापडी बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला नंबर, आणि पानांतून बोटभर बाहेर आलेलं बाबांचं बसचं तिकीट. ते तिकीट खुणेला ठेवलेलं होतं. तेच पुस्तक परत हातात यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

मी नागपूरला इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. वय बेचाळीस. शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं. इतिहास म्हटलं की सनावळ्या, तहाची कलमं आणि 'कारणे द्या', एवढंच डोळ्यांसमोर यायचं. बाबा मात्र जन्मभर वाचत आलेले. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नीट झालं. पण डॉक्टरांनी काही दिवस वाचू नका म्हणून सांगितलं आणि त्यांची पानिपतावरची कादंबरी अर्ध्यात राहिली. "तू वाच," म्हणाले. नाही कसं म्हणणार?

पहिले तीन दिवस मी नुसता आवाज लावला. शिंदे, होळकर, विंचूरकर, गारदी, नजीबखान, शुजा, कोण कोणाच्या बाजूचा हेच कळेना. बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून भिंतीला लावायला सांगितलं. डावीकडे भाऊसाहेबांची माणसं, उजवीकडे अब्दालीची. हे तुम्हीही करा. आणि प्रस्तावना आधी वाचायला जाऊ नका, मी तिथंच दोनदा अडकलो होतो.

चौथ्या रात्री काहीतरी बदललं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीची फौज बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. मी हिशेब लिहिणारा माणूस. रसद बंद, खाणारी तोंडं तेवढीच, शिवाय लढणाऱ्यांच्या जोडीला यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे. तलवारीची वर्णनं माझ्या डोक्यावरून गेली होती, पण हे लगेच कळलं. मनातल्या मनात मी दाण्याचा हिशेब मांडू लागलो आणि तो जुळेना. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली, मी उठलो नाही. पानावर बसलो तेव्हा समोरच्या भाताकडे बघून मला कसंतरी झालं.

७ डिसेंबर १७६० च्या झुंजीत भाऊसाहेबांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले. तिथं मी पुस्तक मिटलं, कारण दुसऱ्या दिवशी परत करायची तारीख होती. वाटलं, मुदत वाढवून आणू, दहा मिनिटांचं काम.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड बघितलं आणि सांगितलं की वर्गणी एप्रिलपासून थकली आहे, सहा महिन्यांवर गेलं की सभासदत्व रद्द. थकबाकी भरतो म्हटलं तर चालत नाही, नवीन अर्ज लागतो. अर्जावर सही करायला बाबांनी स्वतः यायला हवं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या सत्तरीच्या माणसाला त्या धुळीत कुठं आणू? मग मीच सभासद होतो म्हटलं. "तर पुस्तक ठेवून जा. सभासद झाल्यावर घेऊन जा." नियम त्यांनी केलेला नव्हता, हे मला कळत होतं. पण एप्रिलनंतर एक साधा फोन किंवा कार्डात एक चिठ्ठी का नाही घातली? बाबा दर पंधरवड्याला त्याच काउंटरवर उभे राहत होते. पुस्तक देताना कोणी थकबाकी बघितली नाही, अडवायच्या वेळी बरोबर बघितली.

घरी येऊन सांगितलं तर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "छावणीत दाणा नाही, अन् आपण त्याईले तिथंच सोडून आलो."

दुसऱ्या फेरीला फोटो दोन लागतात हे कळलं, माझ्याकडे एकच होता. तिसऱ्या फेरीला विजेचं बिल चाललं नाही, कारण ते अजून आजोबांच्या नावावर आहे. त्यात हिवाळी अधिवेशन सुरू झालेलं. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले, सीताबर्डीकडचे रस्ते वळवलेले. दुकानातून तासाभराची सुटी काढून निघायचं आणि अर्धा तास बॅरिकेडपाशीच जायचा. एकदा तर पोहोचलो तेव्हा दुपारची सुटी झाली होती. दारावर कुलूप. (तुमच्याकडचं वाचनालय दुपारी बंद असतं का, ते आधी विचारून घ्या.) विकत घ्यावं म्हणून बर्डीतल्या दोन दुकानांत विचारलं, प्रत शिल्लक नव्हती. पुण्याहून मागवतो म्हणाले, कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

चौथ्या फेरीला सगळे कागद घेऊन गेलो, तर अर्जाच्या खाली एक ओळ होती: जामीनदार सभासदाची सही व क्रमांक, जामीनदार घरातला नसावा.

ही ओळ मला लागली. दुकानात, गल्लीत, नातेवाइकांत, मोबाईलमध्ये तीनशेच्या वर नंबर, आणि वाचनालयाचा सभासद एकही नाही. कोणाकडे पैसे मागायचे तर दहा घरं मला माहीत होती. वाचणारा माणूस माझ्या ओळखीत नव्हता, कारण मी कधी त्या वाटेलाच गेलो नव्हतो.

वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसायचे, कानटोपी घालून. मी चार वेळा येऊन गेलो हे त्यांनी बघितलं असावं. त्यांनी विचारलं, "कोणतं पुस्तक पाहिजे तुम्हाले?" मी रॅककडे बोट दाखवलं.

"कुठवर आले?"

"मेहेंदळे पडले."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला, खिशातून पेन काढलं आणि अर्ज माझ्या हातातून घेतला. नाव त्यांनी नंतर विचारलं. बाबांना ते चेहऱ्यानं ओळखत होते.

त्यानंतरही चिटणीसांची सही बाकी होती आणि ते फक्त शनिवारी संध्याकाळी येतात. पण तो शनिवार मला जड गेला नाही. पुस्तक मिळालं तेव्हा बाबांचं तिकीट जागेवर होतं.

१४ जानेवारी १७६१ चा दिवस मी एका बैठकीत वाचला. शेवट काय होणार हे माहीत नाही असा मराठी माणूस नसेल, 'पानिपत झालं' हे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो. तरी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालू होत्या तोवर मला वाटत होतं की जमेल. विश्वासरावांना गोळी लागली तिथं माझा आवाज अडकला. "थांबला काऊन बे?" बाबांनी विचारलं, पण त्यांनीही चष्मा काढला होता. हा काळा चष्मा डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलेला. पुढचं पान मी दहा मिनिटांनी उलटलं.

एक सांगायचं राहिलं. मोठ्यानं वाचा. मनात वाचताना मी नावं गाळत होतो. मोठ्यानं वाचताना ती गाळता येत नाहीत, आणि आठवडाभरात ती माणसं घरातली होतात. कादंबरीतलं सगळंच घडलं असं मात्र धरून चालू नका. बाबा मध्येच थांबवून सांगत, हे बखरीतलं, हे लिहिणाऱ्याचं. काशीराज पंडित त्या वेळी अब्दालीला मिळालेल्या शुजाच्या बाजूला होता आणि त्यानं लिहून ठेवलं आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

२६ जानेवारीला आम्ही सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. बेचाळीस वर्षं त्याच्या पायथ्यावरून गेलो, वर कधी चढलो नव्हतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी इंग्रजांकडून घेतली होती, आणि काही तासांतच ती परत गेली. बाबा कठड्याला धरून उभे होते. "त्या टेकडीवर होते ते," एवढंच म्हणाले, आणि मी तिकडे बघत राहिलो.

त्यांचे डोळे आता बरे आहेत, नवीन चष्माही आला आहे. तरी रात्री पुस्तक माझ्याकडेच सरकवतात. सध्या थोरल्या माधवरावांचं चालू आहे. ते थेऊरला येऊन पोहोचले आहेत, प्रकृती उतरत चालली आहे. परवा पुस्तक परत द्यायचंय आणि नव्वद पानं बाकी आहेत. वर्गणी मार्चपर्यंतची भरलेली आहे, पावती पाकिटात ठेवली आहे.