एंटेबेहून मुंबई : इबोलाच्या साथीतला प्रवास

३० जानेवारी २०२५ ला युगांडाने इबोलाची साथ जाहीर केली, तेव्हा आमची तिकिटं काढून झाली होती. कंपालात राहणाऱ्या माझ्या नणंदेला मुलगी झाली होती आणि आम्ही बारशाला निघालो होतो. पहिला रुग्ण कंपालातल्याच मुलागो रुग्णालयातला ३२ वर्षांचा परिचारक. घरात चार दिवस ‘जायचं की नाही’ हाच विषय. आमच्या डॉक्टरांनी नीट समजावलं : हा आजार हवेतून पसरत नाही. लक्षणं दिसू लागलेल्या किंवा या आजाराने गेलेल्या माणसाच्या रक्ताशी, उलटीशी, घामाशी किंवा त्यांनी माखलेल्या वस्तूंशी संबंध आला तर धोका. पण या वेळचा विषाणू सुदान प्रकारचा, त्यावर मान्यताप्राप्त लस नाही. १८ फेब्रुवारीला आठ रुग्ण बरे होऊन घरी गेल्याचं वाचलं आणि २० ला निघालो.

निघण्याआधीचं सर्वांत महत्त्वाचं काम इबोलाचं नव्हतंच, ते होतं पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं. तिचं पिवळं कार्ड युगांडात शिरताना लागतं आणि परत येताना भारतातही लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि कित्येक केंद्रांत ठरावीक वारीच देतात. नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून ताडून पाहा. माझ्या कार्डावर एक आकडा चुकला होता, लगेच दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदर असाल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

एंटेबेला, म्हणजे कंपालाजवळच्या विमानतळावर, उतरताना ताप मोजला, कार्ड पाहिलं, पुढे सोडलं. कंपालात दुकानांच्या दारात नळ लावलेले पिवळे जेरीकॅन आणि क्लोरीनचा वास. नणंदेकडे तर बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायची सक्तीच होती. बारसं घरच्या घरी, बारा माणसांत झालं. जिंजाला नाईल पाहून आलो, तेवढंच फिरणं.

मार्च उजाडताच बातमी आली, मुलागोत चार वर्षांचं एक मूल इबोलाने गेलं. संपली म्हणता म्हणता साथ परत डोकं वर काढत होती. त्या रात्री नणंद लेकीच्या पाळण्याजवळून हललीच नाही.

५ मार्चला निघताना रस्त्यात गाडीचा एसी बंद पडला. दोन तास उन्हात. विमानतळाच्या दाराशी यांचं कपाळ तापलेलं लागलं. हे म्हणाले, “पर्समधली क्रोसिन दे, उगाच अडकायला नको.” गोळी माझ्या हातात होती. मी ती परत पर्समध्ये टाकली. यांनी तोंड फिरवलं. गोळीने ताप उतरतो, आजार तसाच राहतो, आणि मग तो विमानात दोनशे माणसांसोबत बसतो.

थर्मामीटरवर ताप ३७.८ सेल्सिअस, म्हणजे १०० फॅरनहाइट आला. आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. हातमोजे घातलेल्या नर्सबाई शांतपणे विचारत होत्या : आजारी माणसाजवळ होतात का? अंत्यविधीला गेला होतात? रुग्णालयात? मी म्हणाले, “हो, बाळाच्या लसीसाठी नणंदेबरोबर गेले होते.” यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी दवाखान्याचं नाव आणि तारीख लिहून घेतली, फोन लावला. अर्ध्या तासाने यांचा ताप पुन्हा मोजला, ३६.९. तेव्हा सोडलं. म्हणून सांगते, विमानतळावर चार तास आधी पोहोचा, कारण असं बाजूला बसवलं तर वेळ हाताशी हवा. कोणत्या दिवशी कुठे गेलात ते रोज वहीत टिपा. विचारल्यावर मला तारीख पटकन सांगता आली ती त्यामुळेच.

मुंबईत इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं टेबल लागतं. पिवळी कार्डं पासपोर्टमध्येच ठेवा, वरच्या बॅगेत नको. कार्ड नसेल किंवा दहा दिवस भरले नसतील तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आमच्या पुढच्या तरुणाच्या कार्डाला आठच दिवस झाले होते, त्याला बाजूला घेतलं. त्याची आई बाहेर वाट पाहत होती.

इबोलाची लक्षणं दिसायला २ ते २१ दिवस लागू शकतात. म्हणजे विमानतळावरच्या तापमापकाला आज बरा असलेला, पण लागण झालेला माणूस कळत नाही. म्हणून २६ मार्चपर्यंत आम्ही दोघांनी सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहिला आणि सासूबाईंना भेटायला गेलो नाही. त्यांना वाईट वाटलं, पण आकडे दाखवून समजावलं. युगांडाने साथ संपल्याचं २६ एप्रिलला जाहीर केलं. एकूण रुग्ण १४, मृत्यू ४.

परतल्यावर ताप आलाच तर थेट दवाखान्यात जाऊन बाकड्यावर बसू नका. आधी फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की युगांडाहून आलोय. मलेरियाची तपासणी लगेच करून घ्या, तिथून आलेल्याला तो होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर घरी आलो म्हणून बंद करू नका. परतल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायचे असतात.